अहो, ५७ पैलू!

अहो, ५७! एका गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात! वर ३३, खाली २४! 'पैलू पाडणे' हा शब्द मी शाळेपासून निबंधात वापरत आलेय आणि मंगळवारी पहिल्यांदा भिंगातून खरे पैलू पाहिले! मधला सपाट आठकोनी पैलू, त्याभोवती चिमुकले तारे आणि मग पतंगाच्या आकाराचे आठ! खरंच पतंग! कोणी बसून घासलेत ते, इवल्याशा खड्यावर!

आधीच सांगते, मला हिऱ्यातलं काही कळत नाही. मंगळवारपर्यंत 'कट' म्हणजे आकार असं मी समजत होते, गोल, चौकोनी, बदामी. पण जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा या, बसा.

धाकट्या भावाचा साखरपुडा ठरलाय. त्याचं एकच म्हणणं, "ताई, एक कॅरेटचाच घ्यायचा." आधी एका झगझगीत दुकानात गेलो. छताला दिवेच दिवे, त्यामुळे ट्रेमधली प्रत्येक अंगठी नुसती लखलखत होती! आम्ही खूष! पण तिथं वजन आणि सवलत यांशिवाय कोणी काही बोललंच नाही. मग बाबा म्हणाले, झवेरी बाजारात आपले काका आहेत, जन्मभर सुटे हिरे पाहत आलेत, त्यांना विचारा.

काकांची पहिल्या मजल्यावरची छोटी खोली. त्यांनी आधी टेबलावरचा दिवाच बंद केला! खिडकीशी पांढरा कागद घडी घालून धरला, पुडी उघडली, चिमट्याने दोन हिरे घडीत ठेवले आणि म्हणाले, "बघा." दोन्ही एक कॅरेटचे. रंग तोच, स्वच्छता तीच. आणि एक हिरा त्या साध्या उजेडात दुधासारखा उजळलेला आणि दुसऱ्याच्या मध्यभागी राखाडी ढग! मी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ढग तिथंच!

मग काकांनी मापणी दिली. पहिला साडेसहा मिलिमीटर रुंद, दुसरा ६.१! अहो, वजन सारखं, म्हणजे दोन्ही २०० मिलिग्रॅम, मग उरलेला हिरा गेला कुठे? काकांनी दुसरा आडवा धरला. "पोटात," ते म्हणाले. खरंच, खाली पोट सुटलेलं! पूर्ण एक कॅरेट भरला की भाव एकदम चढतो, म्हणून कच्च्या खड्यातलं वजन वाचवायला कधीकधी तो खोल ठेवतात. अंगठीत बसवल्यावर ते पोट कोणाला दिसणार? पैसे मात्र त्याचेही मोजायचे!

आणि मग काकांनी कागदावर हिऱ्याची आडवी आकृती काढली आणि मी खुर्चीच्या टोकावर आले! उजेड वरून आत शिरतो, खालच्या उतरत्या पैलूवर आदळतो आणि २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला तर त्याला बाहेर पडताच येत नाही, तो समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही परततो आणि मग सरळ वर, आपल्या डोळ्यांत! हिरा आरसा होतो! पण उतार चुकला की उजेड खालून गळतो. पोट फार खोल असलं तर मध्यभाग काळवंडतो आणि फार उथळ असलं तर कडेची पांढुरकी कड आत गोल तरंगताना दिसते, माशाच्या डोळ्यासारखी. ती पाहिल्यावर विसरताच येत नाही!

कट म्हणजे हेच, आणि हे सगळं एकेका अंशाचं काम! मार्सेल टोलकोव्स्की नावाच्या तरुणाने १९१९ मध्ये गणित मांडलं की खालचा उतार ४०.७५ अंश हवा, वरचा ३४.५. शंभर वर्षं उलटली, आजही चांगले गोल हिरे त्याच्याच आसपास असतात! माझ्या अंगावर काटा आला. भाऊ मोबाइल ठेवून ऐकत होता, यावरून काय ते समजा!

हे आकडे प्रमाणपत्रावर छापलेले असतात! जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रावर गोल हिऱ्याला २००६ पासून कटची श्रेणीही मिळते. पण 'एक्सलंट' वाचून थांबू नका, त्या एका शब्दात बरेच हिरे मावतात, बरे आणि फार सुंदर. काकांनी आपली मापं माझ्या वहीत लिहून दिली. वरचा सपाट भाग रुंदीच्या ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५, वरचा उतार ३४ ते ३५ अंश, खालचा ४०.६ ते ४१. हे फक्त गोल हिऱ्याचं. लांबट ओव्हल घेणार असाल तर मध्ये काळा बो-टायसारखा पट्टा दिसतो का, ते डोळ्यांनीच पाहायचं.

अजून एक गंमत! हिऱ्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असू शकतो! केसापेक्षा बारीक! दहापट भिंगातून तो मी वाचला, अंक न् अंक, आणि प्रमाणपत्राशी जुळवला. जुळला तेव्हा मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या. आणि हो, हिऱ्याला तेल चटकन चिकटतं. काकांनी एका हिऱ्याची पाठ नुसती बोटाने पुसली आणि तो मंद झाला! कोमट साबणपाण्यात धुतला आणि पुन्हा पेटला! आईची चाळीस वर्षांची हिऱ्याची कुडी मी त्याच रात्री मऊ ब्रशने धुतली. आई आरशासमोरून हलेना!

भावाने शेवटी एक कॅरेटचा हट्ट सोडला. ०.९३ घेतला, ६.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे त्या पोटवाल्या एक कॅरेटपेक्षा मोठा दिसणारा आणि स्वस्तही! खिडकीत धरला तर पांढरा उजेड, समईजवळ धरला तर तांबडे-निळे कण उडतात!

तुमच्या घरी कोणाचं ठरत असेल तर दिवसा जा. हिरा दुकानाच्या दिव्यांखालून काढून खिडकीशी न्यायला सांगा, नाहीतर टेबलाखालच्या सावलीत धरा. तिथंही उजळला, तरच पैशाचं बोला.