आधी बोलावणं

माणूस विश्वास ठेवतो म्हणून त्याला नवा जन्म मिळतो, की नवा जन्म मिळालेला असतो म्हणून त्याला विश्वास ठेवता येतो? ख्रिस्ती धर्मविचारातला हा जुना प्रश्न आहे. त्यावर धर्मसभा भरल्या, पंथ फुटले, पोथ्यांवर पोथ्या लिहिल्या गेल्या. वरवर तो पंडितांचा वाद वाटतो. मला मात्र तो कुठल्याही श्रद्धावान माणसाच्या काळजाला हात घालणारा प्रश्न वाटतो, कारण देवाच्या दिशेनं पडलेलं पहिलं पाऊल कुणाचं, हे तो विचारतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या माकणी गावात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात. तिथे जाऊन आलेली बाई 'आईचं बोलावणं आलं' असं म्हणते. घरातली कामं तिनंच उरकलेली असतात, पैसे तिनंच साठवलेले असतात, एसटीच्या गर्दीत उभी तीच राहिलेली असते. तरी श्रेय ती बोलावण्याला देते. तिच्या लेखी निघण्याची इच्छा हीच बोलावणं पोचल्याची खूण असते. मी वारकरी घरात वाढलो, आणि ख्रिस्ती लोकांमधला हा वाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ही बाईच आठवली.

वादाचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा एक वजनदार, शिकलेला परूशी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्यानं जन्म झाल्याशिवाय देवाचं राज्य माणसाला दिसायचं नाही, असं येशू त्याला सांगतो. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात कसं शिरायचं, हा निकदेमाचा भाबडा प्रश्न. त्यावर येशू वाऱ्याकडे बोट दाखवतो: आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला ते कळत नाही. जन्म घेणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि त्याला त्याची तयारीही करता येत नाही. पण त्याच संभाषणात थोडं पुढे गेलं की विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळेल असं वचनही आहे. विश्वास ठेवणं तर माणसाचं काम. मग यातलं आधीचं कोणतं?

माणूस आपल्या बळावर चांगुलपणाकडे वळू शकतो, असं जुन्या काळातला ख्रिस्ती उपदेशक पेलेजियस म्हणे. वळण्याची इच्छासुद्धा देवानंच दिलेली असते, असं ऑगस्टीन या धर्मपंडितानं त्याला उत्तर दिलं. पुढे ५२९ साली ऑरेंज इथल्या धर्मसभेनं विश्वासाची सुरुवातही कृपेचीच असल्याचं ठरवलं. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली, माणसाला कृपा नाकारता येते असं सांगणारं, आपलं निवेदन मांडलं आणि वाद पुन्हा पेटला. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेनं त्यांच्या विरोधात निर्णय दिला: मेलेला माणूस हात पुढे करू शकत नाही, म्हणून आधी जिवंत होणं आणि मग विश्वास. या पक्षाचा एक आवडता दाखला प्रेषितांच्या कृत्यांत सापडतो. फिलिप्पै शहराबाहेर नदीकाठी काही बायका जमल्या होत्या. त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया पौलाचं बोलणं ऐकत होती. तिचं अंतःकरण प्रभूनं उघडलं, असं लूक लिहितो. ऐकत तीच होती, पण दार आतून तिनं उघडलेलं नव्हतं.

अठराव्या शतकात जॉन वेस्ली या इंग्लिश धर्मोपदेशकानं वेगळी मांडणी केली. कृपा आधी येते हे त्याला मान्यच होतं. पण त्याच्या मते ती सगळ्यांकडे येते, माणसाला होकार देण्याइतकं बळ देते आणि नाकारताही येते. होकार दिला की नवा जन्म. कॅथलिक आणि लुथरन परंपरा या जन्माचा संबंध बाप्तिस्म्याच्या पाण्याशी जोडतात. गंमत म्हणजे ज्याच्या नावानं 'जन्म आधी' म्हणणारा डॉर्टचा पक्ष ओळखला जातो, तो कॅल्व्हिन स्वतः या जन्माबद्दल बोलताना बहुतेकदा आयुष्यभर चालणारं नूतनीकरण म्हणतो, आणि ते विश्वासातून होतं असं सांगतो. शब्दांचे अर्थ असे पसरट असताना केवळ व्याख्यांनी निकाल लागणार नाही. एखादं आयुष्यच बघावं लागतं.

माझ्यासमोर ते आयुष्य पंडिता रमाबाईंचं येतं. संस्कृतच्या पंडिता, कोवळ्या वयात दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावलेली मुलगी, पुढे भाऊ आणि पतीही गेलेली बाई. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचं बंगाली शुभवर्तमान सापडलं होतं. इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी चालवलेलं पतित स्त्रियांसाठीचं काम त्यांनी पाहिलं. समाजानं टाकलेल्या बायकांशी कुणी इतक्या मायेनं वागतं याचं त्यांना नवल वाटलं. असं का, याच्या उत्तरात त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची कथा ऐकायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीनं, मनोरमेनं, बाप्तिस्मा घेतला. ज्या परंपरेत तो झाला, तिच्या मते नवा जन्म त्याच पाण्यात झाला होता.

पण रमाबाईंचं स्वतःचं सांगणं वेगळं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे मान्य करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त नाही. मधल्या काळात त्या काही निजलेल्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या निकरानं वाद घालत होत्या, अमेरिकाभर हिंडत होत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. मग त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मवृत्त आलं. हा माणूस कित्येक वर्षं व्यासपीठावरून उपदेश करत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनातून त्याला ख्रिस्त सापडला. ते वाचताना रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखं झालं असणार.

आता या आयुष्यात क्रम कोणता लावायचा? १८८३ सालचा विश्वास खोटा होता असं म्हणायला मी धजावत नाही. त्या विश्वासापायी त्यांनी पुण्यातला बहिष्कार, वर्तमानपत्रांतली टीका सोसली. पण खरा जन्म १८९१ च्या सुमारास झाला असं म्हटलं, तर मधली आठ वर्षं त्यांना कोण चालवत होतं? सिल्चरच्या घरात ते पुस्तक आलं कसं? शोमरोनी बाईच्या कथेनं त्यांचंच मन का हललं, शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुणाचं का नाही? मागे वळून पाहताना रमाबाईंना प्रत्येक वळणावर कुणीतरी आपल्या आधी पोचलेलं दिसतं. माझ्या मते या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. माणूस जगतो तेव्हा त्याला आपला शोध, आपली धडपड, आपला होकार आधी दिसतो. सांगायला बसतो तेव्हा मात्र कृपा आधी होती हे त्याच्या ध्यानात येतं.

टिळक दांपत्याकडे पाहिलं तरी हेच जाणवतं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तसं काही आलं नाही. नवऱ्याच्या निर्णयानं त्यांचा संसार मोडला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही सोवळं पाळत राहिल्या. जातिभेद माणसानं केलेला आहे, हे त्यांना उमगलं ते आतून. वादात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसतं की त्यांच्या आत खूप आधीपासून काहीतरी शिजत होतं. टिळकांनी घाई केली असती तर ते हातचं गेलं असतं.

आमच्या शिवारात मृगाचा पहिला पाऊस पडला की कुणी लगेच पेरायला धावत नाही. वापसा यावा लागतो. जाणता शेतकरी बांधावर उकिडवा बसतो, मूठभर काळी माती उचलतो आणि मूठ आवळतो. मूठ उघडल्यावर गोळा हाताला चिकटून राहिला तर आज नाही. अंगठ्यानं दाबताच तो भुसभुशीत होऊन सुटला तर तिफण बाहेर काढायची. ट्रॅक्टर आले तरी ही मूठ सुटलेली नाही. पेरणी शेतकऱ्याचीच, घाम त्याचाच, पण वापसा त्यानं आणलेला नसतो. जमीन कोणत्या घटकेला तयार झाली हेही त्याला सांगता येत नाही, तयार झालेली आहे एवढंच कळतं. जन्म विश्वासाच्या आधी असं म्हणणारे जाणते धर्मपंडितही हेच सांगतात: हा क्रम घड्याळाचा नाही, कशामुळे काय झालं त्याचा आहे. दोन्हींमध्ये क्षणाचंही अंतर नसेल, पण एक कारण आहे आणि दुसरं त्याचं फळ.

यावर एक जबर आक्षेप आहे. जन्म देवानंच द्यायचा असेल, तर तो काहींना देतो आणि काहींना का देत नाही? बांधाच्या एका बाजूला पाऊस पडतो आणि दुसऱ्या बाजूची जमीन कोरडी राहते, हे धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. आणि ज्याला हलताच येत नाही त्याला 'ये' म्हणून हाक मारणं कितपत खरं? वेस्लीला हेच सलत होतं, म्हणून कृपा सगळ्यांकडे येते असा त्यानं आग्रह धरला. मला हा आक्षेप खोडून काढता येत नाही आणि काढावासाही वाटत नाही. सास्तूर, किल्लारी ही गावं इथून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गाव नुकतं निजलेलं असताना जमीन हादरली. एकाच भिंतीच्या अलीकडचा वाचला, पलीकडचा गेला. का, याचं उत्तर आजवर कुणाकडे नाही. पण वाचलेल्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मी शिकलो: आपण वाचलो ही आपली करामत, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही. 'का मी?' हा प्रश्न त्यांना शेजाऱ्याच्या वर नेऊन बसवत नाही, उलट त्याच्याजवळ आणतो. कृपेनं विश्वास मिळाला म्हणणाऱ्याचीही हीच कसोटी असली पाहिजे.

माकणीच्या धरणात अडवलेली तेरणा आमच्याकडे येते ती तेरवरून, गोरोबाकाकांच्या गावावरून. तिथली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. विठ्ठलाशी बोलणारा, विठ्ठलाला जेवू घालणारा भक्त कच्चा! तो रुसला, मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेला आणि तिथे पक्का झाला. तुकोबांना मात्र बाबाजींचा अनुग्रह झोपेत, स्वप्नात झाला, मागायलाही ते जागे नव्हते. वारकऱ्यांचा अनुग्रह आणि ख्रिस्ती नवा जन्म एकच आहेत असं मी म्हणणार नाही. दोन्हींची घरं वेगळी, त्यांची बोलीही वेगळी. पण भक्ती असूनही माणूस कच्चा असू शकतो, आणि पक्कं होणं त्याच्या हातात नसतं, हे नामदेवांना आणि रमाबाईंना दोघांनाही कळलं होतं.

म्हणून मी माझं मत स्पष्ट सांगतो. जन्म आधी. मग विश्वास. हे मानलं की दोन गोष्टी आपोआप गळून पडतात. एक म्हणजे विश्वासाची शेखी. जे मिळालं त्यावर मिरवायचं कसलं? दुसरी म्हणजे जबरदस्ती. धाक, आमिष, वादातली जीत, यांतल्या कशानंही कुणाचा जन्म होत नाही. हे मनोमन पटलेला माणूस दुसऱ्याच्या अविश्वासाकडे दोष म्हणून बघत नाही, अजून वेळ आलेली नाही एवढंच समजतो. हे फक्त ख्रिस्ती लोकांपुरतं नाही. घरातला मुलगा माळ घालत नाही म्हणून बोलणं बंद करणाऱ्या आमच्या वारकरी बापांनाही ते लागू आहे.

आणि हात बांधून बसायचं असंही नाही. रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली तिथे आणल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं, शेती आणि छापखान्याचं काम दिलं. १९०५ साली शेकडो मुली तिथे रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि जूनमध्ये त्या आश्रमात मोठं आत्मिक जागरण झालं. ते आपण घडवलं असा दावा त्यांनी केला नाही. पण त्याची वाट पाहताना स्वयंपाकघराची चूल त्यांनी एक दिवसही विझू दिली नाही. शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, आणि ते हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. कृपा आधी असते यावर ज्यांचा खरा भरवसा असतो, ते इतकं काम करतात, कारण फळाची जबाबदारी आपल्यावर नाही हे त्यांना माहीत असतं.