पेन्सिलीचं पाऊल

1953 सालचा डिसेंबर. वडील नोकरीसाठी मद्रासला, आई आणि मी गिरगावातल्या चाळीत. शुक्रवारी दुपारी आईने आंतर्देशीय पत्रावर माझं पाऊल ठेवलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. अंगठ्यापाशी गुदगुल्या झाल्या, मी पाय ओढला, रेघ हलली. वडील त्या मापाच्या चपला आणणार होते. संध्याकाळची डाक निघायच्या आत आईने पत्र नाक्यावरच्या पेटीत टाकलं.

मद्रासला ते दुसऱ्या दिवशी मिळायचं आणि त्यासाठी वेगळं तिकीट लागत नसे. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारी शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघत, नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत पत्रं आपापल्या मुक्कामी पोचत. 1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या पस मॉथमधून कराचीचं टपाल जुहूला उतरवलं, ते धाडस मोठंच. पण ते दिवसाउजेडी. हे वैमानिक रोज अंधारात जात. आषाढातल्या ढगांतूनही हा रतीब चालू असे. आमच्यासारख्यांचं खुशालीचं पत्र वेळेवर पोचावं म्हणून!

त्या शनिवारी, 12 डिसेंबरला, नागपूरहून मद्रासला निघालेलं टपालाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. तेरा जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. शेजारच्या काकांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. "आपलं पत्र त्यातच होतं हो, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. पत्र गेल्याचं तिला काहीच नव्हतं. आपलं ओझं वाहताना माणसं गेली, हे तिच्या जिवाला लागलं होतं. संध्याकाळी देवापुढे तिने एक वात जास्त लावली.

सोमवारी तिने पुन्हा माझं पाऊल कागदावर ठेवलं. या वेळी मी हललो नाही. नाक्यावर पेटीत पत्र टाकण्याआधी तिने ते दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटले. मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ घाईत होते, तरी थांबले.

चपला आल्या. एक बोट मोठ्या होत्या. आई म्हणाली, पाय वाढेल.