साक्षीदार शत्रूच होता

चि. मृण्मयीस,


तुझं पत्र मिळालं. दुंडिगलला हवाईदल अकादमीच्या मेसमध्ये परमवीर चक्र मिळालेल्या निर्मलजितसिंग सेखोंचा विषय निघाला आणि ‘हवाईदलाला आजवर परमवीर चक्र एकच कसं?’ हा प्रश्न तुझ्या डोक्यातून जाईना, असं लिहिलं आहेस. मलाही हा प्रश्न फार वर्षं छळतो आहे. मला वाटतं, त्याच्या उत्तराचा एक भाग तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

पायदळातला जवान पडतो तेव्हा शेजारच्या खंदकात त्याची माणसं असतात. कोण पुढे गेला, कोणी मशीनगन बंद पाडली, हे सांगणारं कोणीतरी परत येतं. एकट्याने उडवायच्या लढाऊ विमानातला माणूस मात्र शत्रूच्या मुलखावर, डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसेनासा होतो. सेखोंचं युद्ध घडलं ते आपल्याच तळाच्या डोक्यावर. १४ डिसेंबर १९७१ ला सहा पाकिस्तानी सेबर विमानं श्रीनगरवर आली, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखोंनी आपलं नॅट विमान उचललं, आणि पुढची झुंज तळावरच्या लोकांनी पाहिली, रेडिओवर ऐकली. त्यांना पाडणारे पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनीही पुढे त्यांच्या कौशल्याबद्दल आदराने लिहिलं. तरीसुद्धा सेखोंचा देह मिळाला नाही. इतके साक्षीदार असूनही.

आता ज्यांची झुंज आपल्यातल्या कोणीच पाहिली नाही त्यांच्याविषयी लिहितो. स्क्वाड्रन लीडर अज्जमडा बोप्पय्या देवय्या. कूर्गचे.

६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटवर हल्ला करून आपली विमानं जमिनीवरच जाळली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उत्तर द्यायचं ठरलं. लक्ष्य सरगोधा, त्यांच्या हवाईदलाचं काळीज. आदमपूरहून एक नंबर स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर विमानं निघायची होती आणि नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजांकडे होतं. देवय्या राखीव होते. एखादं विमान गळलं तरच त्यांनी जायचं. एक गळलं, आणि ते गेले.

तू आता उड्डाण शिकते आहेस, म्हणून हे तुला माझ्यापेक्षा नीट कळेल. तो पल्ला मिस्टेअरच्या आवाक्याच्या टोकाला होता. जाणं, मारा करणं आणि परतणं एवढ्यालाच इंधन पुरणार, मध्ये झुंजायला जवळपास काहीच उरणार नाही. शिवाय अंधारात, जमिनीला चिकटून उडायचं. हल्ला करून ताफा परत फिरला, तेव्हा पाकिस्तानचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन स्टारफायटर घेऊन मागे लागले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान ते. मिस्टेअरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे. पळून सुटका नव्हतीच.

देवय्यांच्या विमानाला मार बसला. तरी ते वळले. स्टारफायटरचे पंख आखूड आणि पातळ, वळण घ्यायला त्याला फार जागा लागते. खालच्या उंचीवर वळणांची झुंज सुरू झाली की त्याचा वेग त्याच्याच मुळावर येतो. त्या घोळात देवय्यांच्या तोफांचे गोळे त्याला लागले. हुसेन पॅराशूटने उतरले आणि वाचले. देवय्या परतले नाहीत. ते वळले तेव्हा त्यांच्या मनात काय होतं हे सांगायला कोणी उरलं नाही, पण टाकीत किती इंधन आहे हे त्यांना नक्की दिसत होतं. मी तिथेच थांबतो, दर वेळी.

आदमपूरला परतलेल्यांपैकी कोणीही हे पाहिलं नव्हतं. नोंद झाली ‘बेपत्ता’ अशी. त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्यांच्या हाती तेवढंच आलं.

त्याच दिवशी, त्याच सरगोध्याच्या आकाशात, पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी मिनिटाच्या आत आपली पाच हंटर विमानं पाडल्याचा दावा झाला. तो जगभर गाजला, आणि आपल्या बाजूच्या नोंदींशी आजही जुळत नाही. एकीकडे हा गाजावाजा, दुसरीकडे देवय्यांची झुंज, तिची कोणाला कुणकुणसुद्धा नाही. हे मला फार लागतं, मृण्मयी. आलम निष्णात वैमानिक होते, त्यांना मला कमी लेखायचं नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच तारखेच्या आहेत.

चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं १९६५ च्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. लिहिलेलं पाकिस्तानची बाजू घेऊनच. पण त्यात स्टारफायटर एका मिस्टेअरशी झुंजताना पडलं, हे आलं होतं. त्या पहाटे परत न आलेलं मिस्टेअर कोणाचं, हे ताडून पाहायला आपल्या लोकांना वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या कागदांना. तनेजांनी आपल्या सहकाऱ्याची गोष्ट सोडली नाही. १९८८ मध्ये महावीर चक्र जाहीर झालं, मरणोत्तर, तेवीस वर्षांनी, आणि ते सुंदरी देवय्यांनी स्वीकारलं.

शौर्यपदकांच्या याद्या मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. ज्या नावापुढे काहीच नाही, त्याच्यापुढे काही घडलंच नाही असं मला मानवत नाही. फ्रिकरने ती ओळ गाळली असती, किंवा हुसेन ‘इंजिन बिघडलं’ असं सांगून मोकळे झाले असते, तर देवय्या अजूनही ‘बेपत्ता’च असते. म्हणून त्या पाकिस्तानी वैमानिकाबद्दलही माझ्या मनात ऋण आहे. हे कोणाला आवडो न आवडो.

आता माझं एक काम कर. उड्डाणानंतर तुमचं जे डीब्रीफिंग होतं, त्यात दुसऱ्याच्या विमानाबद्दल तुम्हाला किती विचारतात? आपण काय केलं तेवढंच लिहायचं, की शेजारच्याचं काय दिसलं तेही? पुढच्या पत्रात सविस्तर लिही. आणि ताईला फोन करत जा, ती विचारत नाही पण वाट पाहते.

तुझा,
मामा