यादीबाहेरची रेकॉर्ड

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या 'सर्वोत्तम' याद्यांत पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस ही नावं ठरलेली असतात. त्यांचा मान मला मान्यच आहे. पण व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रज बँडचा १९७१चा 'पॉन हार्ट्स' हा अल्बम अशा लोकप्रिय याद्यांत क्वचितच भेटतो.

मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर तीनच गाणी आहेत. दुसरी अख्खी बाजू एकाच गाण्याची, सुमारे २३ मिनिटांची. दीपगृहाचा एकाकी रखवालदार, त्याच्या डोळ्यांदेखत बुडणारी माणसं आणि त्यांना वाचवता न आल्याची टोचणी. ह्यू बँटनचा ऑर्गन, डेव्हिड जॅक्सन एकाच वेळी वाजवतो ते दोन सॅक्सोफोन आणि कुजबुजीतून किंकाळीपर्यंत जाणारा पीटर हॅमिलचा आवाज. कानाला गोड वाटावं असं यात फार काही नाही.

अब्बांच्या शेवटच्या आजारपणात मी रात्र रात्र त्यांच्या उशाशी जागत होतो. सगळं दिसत होतं, हातात काहीच नव्हतं. तेव्हा तो रखवालदार मला कळला. अशा ऐकण्याला कितवा क्रमांक द्यायचा?

ब्रिटनच्या विक्रीयादीत या अल्बमला जागा मिळाली नाही. इटलीत मात्र १९७२ साली तो पहिल्या क्रमांकावर होता. रेकॉर्ड तीच, सूर तेच. बदलले फक्त ऐकणारे. त्याच वर्षी दौऱ्यांनी थकलेला बँड फुटला आणि १९७५मध्ये पुन्हा एकत्र आला.

याद्या जरूर वाचा. पण कुठल्या गावच्या कानांनी त्या केल्यात, तेही विचारा.