चिरागनगरचा लिहिता माणूस

कादंबरीकाराचे घर म्हटले की खिडकीजवळचे टेबल, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि दार लोटून मिळवलेली दुपारची शांतता असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. घाटकोपर पश्चिमेला चिरागनगरच्या झोपडपट्टीत ते राहत. आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग तेव्हा आग्रा रोड होता. चोहीकडे कारखाने आणि गोदामे होती, गावाकडून पोटासाठी आलेली माणसे होती, आणि त्यांच्या मधोमध बसून हा माणूस कादंबऱ्या लिहीत होता. एकदोन नव्हे, तीसहून अधिक. शिवाय कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या, छक्कड वेगळेच.

जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे जुळवली. गिरणीत काम केले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या संगतीत राजकारण शिकले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. दुसऱ्या महायुद्धात दूर रशियात स्टालिनग्राडची लढाई गाजली, तेव्हा तिचा पोवाडा मुंबईच्या कामगार वस्त्यांत अण्णा भाऊंनी रचला. जग पेटलेले असताना लिहायचे कसे, हा प्रश्न त्यांना पडला असेल असे वाटत नाही. त्यांनी निवांत काळ पाहिलाच कुठे होता?

स्वातंत्र्यानंतरही तो आला नाही. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच तमाशाचे लोकनाट्य झाले आणि फड पुन्हा उभा राहिला. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. नोव्हेंबर 1955 मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पुन्हा रस्त्यावर आले. शंभराहून अधिक माणसे या लढ्यात गेली. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्याच दिवसांतली. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा नवरा गाता गाता महाराष्ट्राच्या तुटलेल्या सीमेपाशी येऊन पोचतो. विरह आणि राजकारण एकाच दमात गाणारी अशी रचना मराठीत दुसरी सहज सापडत नाही.

सभा, मोर्चे आणि कलापथकाचे दौरे यांच्या धामधुमीतच त्यांची गद्य पुस्तके येत राहिली. 2 मार्च 1958 रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्‌घाटन त्यांनी केले. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. अर्पण डॉ. आंबेडकरांना, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

‘फकिरा’ची सुरुवात आजही अंगावर येते. शेजारच्या गावातून जोगणी, म्हणजे जत्रेच्या मानाची वाटी, आणायला राणोजी मांग एकटा निघतो. गावाची इज्जत म्हणून तो ती वाटी घेऊन पळतो आणि सीमेशी जीव देतो. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो तो दुष्काळात आणि मांगांच्या रोजच्या हजेरीच्या जाचात. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातीवर चोरीचा शिक्का मारला होता. मुले उपाशी मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे खजिना लुटतो, आणि शेवटी आपली माणसे ओलीस धरली गेली म्हणून स्वतःला हवाली करतो. वारणेकाठची ही माणसे घाटकोपरात बसून लिहिताना अण्णा भाऊंना दूरची वाटली नसणार. तीच भूक त्यांच्या दाराशी होती.

ते दार ‘स्मशानातील सोनं’ या कथेत सताड उघडते. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात, जंगलालगतच्या वस्तीत राहतो आणि खाणीत दगड फोडतो. एक दिवस खाण बंद पडते. पहाडासारखा गडी कामाविना घरी बसतो. मग त्याला स्मशानाच्या राखेत सोने सापडते आणि तो रात्री-अपरात्री राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री तो उकरत असलेल्या प्रेतावरच टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. कोल्हे हटतात, पण तोंडातले सोने काढताना प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि दोन बोटे कायमची जातात. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तीही नेमकी त्यानंतर. दगड फोडणारा हात तोवर निकामी झालेला असतो.

बेरोजगारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण इतक्या जवळून क्वचितच. अंधेरी-घाटकोपरच्या डोंगरांवरच्या दगडखाणी ज्यांनी पाहिल्या त्यांना ही कथा कल्पित वाटणार नाही, आणि ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी उपनगरांचा इतिहास म्हणून ती जरूर वाचावी. इथल्या इमारतींना लागलेली खडी कोणाच्या हातांनी फुटली, हे त्यात आहे.

1961 मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्याच वर्षी त्यांच्या ‘वैजयंता’ कादंबरीवर चित्रपट आला, पुढे ‘फकिरा’ही पडद्यावर गेली. बाहेर नाव होत होते, घरात ओढगस्त होती. हाती चार पैसे यावेत म्हणून लेखनाचे हक्क किरकोळ रकमेला देण्याची पाळी त्यांच्यावर आल्याचे चरित्रकार सांगतात. काही कादंबऱ्यांत ही घाई दिसते: प्रसंग भराभर येतात, खलनायक ठरल्या वेळी पडतो, नायिका थोडी जास्तच निर्मळ असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘वारणेचा वाघ’ किंवा ‘माकडीचा माळ’ वाचताना भाषेचा जो झरझरीत वेग लागतो, तोही त्याच घाईतून आला आहे. घासून गुळगुळीत करायला वेळ असता, तर तो वेग हाती राहिला असता का?

18 जुलै 1969 रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात ते गेले. वय पन्नाशीच्या आतले.

जन्मशताब्दी पूर्ण झाली ती 1 ऑगस्ट 2020 ला, नेमकी कोरोनाच्या टाळेबंदीत. दरवर्षी निघणाऱ्या मिरवणुका त्या वर्षी घराघरात थांबल्या. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चिरागनगरच्या स्मारकाच्या घोषणाही होत आल्या आहेत, आणि ते व्हायलाच हवे. त्याच्या जोडीने आणखी एक काम नेटाने व्हायला हवे: त्यांची प्रत्येक कादंबरी पहिल्या प्रकाशनाच्या वर्षासह, नीट संपादित होऊन, गिरगावइतकीच घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वाचनालयांतही मिळाली पाहिजे. दादरला 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर पुस्तकांचे गाळे लागतात. तिथे ‘फकिरा’ मागणारे लोक नेहमी असतात, आणि त्यांतले बरेच जण पुढे विचारतात, ‘अण्णा भाऊंचं अजून काय आहे?’