पंख धरणारी मुले

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते स्वतःच्या बळावर जमीन सोडू शकत नाही, आणि ग्लायडिंग क्लबांत मुलांना जे स्थान मिळाले त्याचे मूळ या उणिवेतच आहे. बहुतेक ग्लायडर एका मुख्य चाकावर उभे राहत असल्याने त्यांचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. उड्डाणाच्या वेळी तो कोणीतरी उचलून समतल धरावा लागतो, दुसऱ्याने दोर अडकवावा लागतो, आणि सुमारे किलोमीटरभर दूर विंचवर, म्हणजे दोर वेगाने गुंडाळून ग्लायडरला पतंगासारखे वर चढवणाऱ्या यंत्रावर, तिसरा कोणी बसलेला असावा लागतो.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले, तेव्हा १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनस यांच्या पुढाकाराने वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरची स्पर्धा भरली आणि तंत्रविद्यालयांतील विद्यार्थी तिकडे ओढले गेले. दोनच वर्षांनी हॅनोवरच्या विद्यार्थिगटाचे ‘व्हॅम्पायर’ तासाहून अधिक काळ हवेत राहिले. पुढे याच उत्साहाचा ताबा नाझी राजवटीने घेतला आणि हिटलर युथमधील मुलांना भावी लढाऊ वैमानिक म्हणून घडवण्यासाठी ग्लायडर वापरले. त्यामुळे युवक-उपक्रम नेमका कोणाच्या हितासाठी चालतो, हा प्रश्न या क्षेत्रात तरी अनाठायी नाही. त्या काळी पुष्कळ मुले एका आसनाच्या उघड्या ग्लायडरमध्ये पहिल्या उडीपासून एकटीच असत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ग्लायडिंगवर आलेली बंदी १९५१ मध्ये उठल्यानंतर मात्र मागे शिक्षक बसणाऱ्या दोन आसनी ग्लायडरवरील शिक्षण रूढ झाले.

आज जर्मनीत चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येते आणि सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. काही मिनिटांच्या उड्डाणासाठी दिवसभर मैदानावर राबणारे आणि हिवाळ्यात कार्यशाळेत ग्लायडरची डागडुजी करणारे हे मूल विशीत शिक्षण-नोकरीपायी बहुधा दुरावते, कधी चाळिशीत स्वतःच्या मुलाला घेऊन परतते, आणि उतारवयात, जेव्हा वैद्यकीय तपासणी उड्डाणाला परवानगी देत नाही, तेव्हा विंच चालवू लागते. एकाच छंदात माणसाच्या सर्व वयांना खरे काम असण्याचा हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचे ग्लायडिंग केंद्र आहे. तेथेही विंच आहे आणि पंखही कोणाला तरी धरावाच लागतो. तेव्हा नवा युवक-उपक्रम आखणाऱ्यांनी केवळ एका चित्तथरारक फेरीचे आमिष दाखवू नये, तसेच शिस्तीच्या नावाखाली मुलांना नुसते दोर ओढायलाही लावू नये. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती पंख द्यावा आणि संध्याकाळ होण्याआधी त्यांना उडवावेही.