गोल्फच्या गावी दोन दिवस

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? उंच कुंपण, फाटकावर रखवालदार, आत मऊ हिरवळ आणि त्या हिरवळीवर पांढऱ्या टोप्या घातलेली साहेब मंडळी. त्यांच्या मागे, खांद्यावर जड पिशवी घेऊन चालणारे एखादे पोर. आमचीही समजूत याहून वेगळी नव्हती. त्यामुळे गेल्या जून महिन्यात स्कॉटलंडला भाच्याकडे गेलो तेव्हा त्याने, "मामा, मामी, शनिवार-रविवार तुम्हाला सेंट अँड्र्यूजला नेतो, तिथे माझा गोल्फचा सराव आहे," असे म्हटले, तेव्हा आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. दाजींनी मात्र वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान, भाच्याचे वडील. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माणूस मुळात अबोल. पण गोल्फचा विषय निघाला की ते जास्तच गप्प होतात, हे आमच्या लक्षात आले होते. त्याचे कारण पुढे कळले.

भाचा डंडी शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथल्या सहकाऱ्यांच्या संगतीने चार वर्षांपूर्वी तो गोल्फ शिकला. आता त्या आठ मित्रांनी आपसात एक स्पर्धा ठरवली होती. चौघांचा एक संघ, असे दोन संघ. बक्षीस म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला पितळी पेला. पण भाच्याच्या चेहऱ्यावर जणू वार्षिक परीक्षाच होती. स्पर्धा पुढच्या शनिवारी, त्यामुळे सरावाला हेच दोन दिवस हाती होते.

ताईचे गुडघे दुखत असल्याने ती घरीच राहिली. पण पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिल्याशिवाय तिने आम्हाला सोडले नाही. डंडीहून बस निघाली, टे नदीवरचा १९६६ सालचा लांबलचक पूल ओलांडून शेताशेतांतून पाऊण तासात सेंट अँड्र्यूजला पोहोचली. समुद्राच्या काठी वसलेले लहानसे दगडी गाव. १४१३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, पडझड झालेले जुने कॅथेड्रल, आणि गावाला लागूनच गोल्फची मैदाने. एक-दोन नव्हे, एकंदर सात.

बसमध्येच भाच्याने आम्हाला स्पर्धेची रीत समजावून सांगितली होती. सकाळी जोड्यांचे दोन सामने. दोघांत चेंडू एकच. एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. जोडीदाराने चेंडू काट्यात घातला तर काट्यातून काढायचा आपण! दुपारी एकास एक असे चार सामने. प्रत्येक विजयाचा एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. एकूण सहा गुण.

आम्ही विचारले, "अरे, पण तुमच्यातला एखादा पट्टीचा खेळणारा आणि तू, हा सामना व्हायचा कसा?"

त्याचे उत्तर आम्हाला फार आवडले. या खेळात प्रत्येकाच्या मागील कामगिरीवरून त्याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे आणि अगदी नवख्यालाही जास्तीत जास्त ५४ पर्यंत आकडा मिळू शकतो. भाच्याचा आकडा २४ आणि समोरच्याचा ८ असेल, तर फरक १६. मग अठरांपैकी सर्वांत अवघड अशा सोळा ठिकाणी भाच्याला एकेक फटका माफ. त्यात कुणी उपकार करत नाही आणि कुणाला कमीपणाही वाटत नाही. सामना न्याय्य व्हायचा तर सुरुवातीचा फरक मोजायलाच हवा, हे त्या खेळाने केव्हाच मान्य केले आहे.

"मग भीती कसली?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"एकट्याचे असते तर हरलो काय नि जिंकलो काय, मामी. पण सकाळच्या सामन्यात माझा जोडीदार आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू आहे. माझ्या चुकीचे त्याला भोगावे लागेल."

गावात उतरल्यावर प्रथम आम्ही जुन्या मैदानाकडे, म्हणजे जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सकडे गेलो. आमची अपेक्षा फाटकाची आणि रखवालदाराची. प्रत्यक्षात काय? मैदानाच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यातून चक्क सार्वजनिक रस्ता जातो! पोहायला निघालेली मुले, बाबागाडी ढकलणारी बाई, सायकलवाला, सगळे खेळाडूंचा फटका होईपर्यंत थांबतात आणि मग खुशाल मैदान ओलांडून समुद्राकडे जातात.

भाच्याने सांगितले, की ही जमीन गावाची आहे. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने दिलेल्या सनदेत या वाळवंटी माळावर गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदवला गेला. पण हक्क कागदावर असला म्हणून टिकतोच असे नाही. १७९७ साली नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि माळ हातचा गेला. तो सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आला. सशांनी मैदान उकरून ठेवले. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वीसेक वर्षे भांडणे आणि कोर्टकज्जे चालले. १८२१ साली एका स्थानिक जमीनदाराने माळ विकत घेऊन खेळ वाचवला आणि १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तो पुन्हा नगरपालिकेकडे आला. १९७४ पासून एक सार्वजनिक विश्वस्त संस्था सातही मैदाने पाहते. मैदानाच्या तोंडाशी १८५४ साली बांधलेली जी भारदस्त इमारत दिसते, ती एका खाजगी क्लबची. मैदान त्या क्लबचे नाही. याच क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडू दिले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

सगळेच गोड आहे असेही नाही. स्थानिकांना वर्षाचा पास स्वस्तात मिळतो. परंतु बाहेरच्या पाहुण्याला ऐन हंगामात ओल्ड कोर्सवर एकदा खेळायला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात. शिवाय बऱ्याचशा जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. आमच्या भाच्याने चिठ्ठीही टाकली नव्हती आणि त्याच्या खिशात तेवढे पैसेही नव्हते. त्याचा सराव होता बाल्गोव्ह नावाच्या नऊ भोकांच्या छोट्या मैदानावर. तिथे लहान मुले आणि नवशिके खेळतात.

तिथे आम्ही तिघे त्याच्या मागे चालू लागलो. समुद्रावरून वारा असा सुटला होता, की भाच्याने उंच मारलेला प्रत्येक चेंडू वारा उचलून भलतीकडे टाकी. चौथा चेंडू काट्यात गेला, तेव्हा इतका वेळ मागे हात बांधून चालणारे दाजी एकदम बोलले,

"चेंडू मागच्या पायाकडे ठेव. काठी अर्धीच उचल. वाऱ्याच्या खालून जाऊ दे."

भाचा चकित होऊन पाहतच राहिला. त्याने तसे केले. चेंडू जमिनीलगत सरळ गेला आणि हिरवळीच्या तोंडाशी थांबला.

"अण्णा, हे तुम्हाला कसे ठाऊक?"

दाजी काही बोलले नाहीत. नऊ भोके झाल्यावर एका बाकावर बसून आम्ही पोळी-भाजी सोडली, तेव्हा त्यांनी हळूहळू सांगितले. ते बारा वर्षांचे असताना, वडील वारल्यावर, गावाजवळच्या एका गोल्फ मैदानावर दोन वर्षे कॅडी होते. अनवाणी पायांनी साहेबांच्या पिशव्या वाहायच्या, नाल्यात गेलेले चेंडू शोधायचे. कुठली काठी मागतील हे साहेबांच्या आधी त्यांना कळे. पण काठीला हात लावायचा तो पुसण्यापुरताच. एका दुपारी मैदान रिकामे पाहून त्यांनी बाभळीच्या वाकड्या फांदीने नाल्यातला एक फुटका चेंडू मारला. कुणीतरी पाहिले आणि त्याच दिवशी काम सुटले. पुढे रात्रशाळा, मग नोकरी. ही गोष्ट त्यांनी ताईलासुद्धा सांगितली नव्हती.

"तू हा खेळ शिकलास तेव्हा मला बरे वाटले की वाईट, तेच कळेना," ते मुलाला म्हणाले. "म्हणून गप्प बसलो."

भाच्याने घास तसाच खाली ठेवला. बराच वेळ कुणीच बोलले नाही.

मग भाचाच उठला. "चला अण्णा," म्हणाला, "तुम्हाला हिमालयात नेतो."

समुद्राच्या बाजूला, ओल्ड कोर्सला लागूनच, एक विलक्षण जागा आहे. लहानमोठ्या टेकाडांनी भरलेली, समुद्राच्या लाटांसारखी वरखाली होणारी हिरवळ. तिला 'हिमालय' असेच म्हणतात. १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबची ही जागा. त्या काळी काठी खांद्यावर नेऊन मोठा फटका मारणे बायकांना शोभत नाही असे मानत. म्हणून त्यांना हलक्या हाताने चेंडू ढकलण्यापुरती जागा देण्यात आली. त्या बायकांनी ती अशी जोपासली, की आज त्यांचा क्लब जगातील स्त्रियांचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून ओळखला जातो. काही थोडे पौंड दिले की काठी आणि चेंडू घेऊन कुणीही खेळावे. टोपी नको, विशिष्ट पोशाख नको, ओळखपत्र नको.

खिडकीतल्या मुलीने चार काठ्या आणि चार चेंडू दिले. दाजींनी काठी हातात घेतली. आधी धोतराच्या सोग्याने पुसावी तशी रुमालाने ती पुसली. ती जुनी सवय पाहून आमच्या घशात आवंढा आला. मग त्यांनी वाकून उतार पाहिला आणि चेंडू भोकाच्या दिशेने न मारता चांगला तीन हात डावीकडे मारला. चेंडू टेकाडावर चढला, वळला, सावकाश घसरत आला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. शेजारी खेळणाऱ्या शाळकरी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"इथे पाणी ओतले तर कुठे वाहील, ते बघायचे," दाजी मुलाला सांगू लागले. "आणि चेंडूचा वेग मेला की उतार त्याला जास्त ओढतो. म्हणून शेवटच्या दोन हातांकडे जास्त लक्ष दे." बाप सांगतोय आणि मुलगा ऐकतोय, असे आम्ही त्या दोघांना बऱ्याच वर्षांनी पाहिले. तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. आम्ही हिमालय दोनदा चढलो-उतरलो!

रात्री स्वस्तातल्या खोलीवर मुक्काम केला आणि रविवारी सकाळी पुन्हा ओल्ड कोर्सवर गेलो. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ बंद असतो. मैदानाला विश्रांती आणि गावाला फिरायला मोकळीक. लोक कुत्री घेऊन फिरत होते, मुले शेवटच्या पट्ट्यातल्या छोट्या दगडी पुलावर उभी राहून फोटो काढत होती. दाजी कडेला उभे राहिले.

"आत गेले तर चालेल?" त्यांनी विचारले.

"चला हो," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गावची वाट आहे."

चालता चालता भाच्याने पापवा सेवगोलम यांची कथा सांगितली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचा हा कॅडी उजवा हात वर आणि डावा खाली, अशी जगाच्या उलटी काठी धरी. त्याने तीन वेळा डच ओपन जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवता आले नाही. गोरे आत, आणि विजेत्याने बक्षीस घेतले ते बाहेर भर पावसात. आपल्याकडेही १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीतले कॅडी होते. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा तीच स्पर्धा जिंकणारे चौरसिया हे कोलकात्यातील मैदानाचे गवत राखणाऱ्याचे चिरंजीव. एवढेच कशाला, ज्यांना या गावात गोल्फचे पितामह मानतात ते टॉम मॉरिस एका विणकराचा मुलगा.

दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "शनिवारी तुझी पिशवी मी घेतो."

"नाही अण्णा," भाचा ताडकन म्हणाला. "पिशवी माझी मीच वाहणार."

दाजी हसले. "बरे. कॅडीचे अर्धे काम खांद्याचे, अर्धे डोळ्यांचे. खांद्याचे तू कर, डोळ्यांचे मी करतो. आणि जोडीदाराची काळजी करू नकोस. चेंडू काट्यातून काढायला तोही असतोच की."

निकाल वाचकांना सांगायलाच हवा. सकाळचा सामना भाचा आणि त्याचा जोडीदार हरले, दुपारचा त्याने बरोबरीत सोडवला, आणि त्याचा संघ अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी हरला. पितळी पेला दुसऱ्यांकडे गेला. पण अठराव्या हिरवळीवर वाकून उतार पाहणाऱ्या दाजींना दोन्ही संघांची मंडळी सल्ला विचारू लागली होती, आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ते कोणत्या बाजूला असावेत, यावरून त्या आठ जणांत आताच वाद सुरू झाला आहे.